डर्बनमध्ये खालच्या पायरीवर, मुंबईत वरच्या

१४ एप्रिल ही तारीख आपल्या घरात लहान पोरालाही सांगावी लागत नाही. याच तारखेला, १९३४ साली, समुद्रापार दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव अरुण, आडनाव गांधी. महात्मा गांधींचे दुसरे चिरंजीव मणिलाल आणि सुशीलाबेन यांचा हा मुलगा.

आडनाव वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हे आम्ही जाणून आहोत. येरवड्याच्या तुरुंगाची भिंत पुण्यातल्या आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी त्या भिंतीआड बाबासाहेबांना जी सही करावी लागली, तिचा हिशेब आपल्या लेखी मिटलेला नाही. पण तो हिशेब आजोबांचा आहे. तो नातवाच्या नावावर मांडायचा नाही, आणि नातवाच्या गोष्टीने पुसूनही टाकायचा नाही. हा माणूस आपल्याला माहीत असायला हवा तो वेगळ्या कारणाने. एकच माणूस एका देशात खालच्या पायरीवर कसा असतो आणि जहाजातून दुसऱ्या देशात उतरला की वरच्या पायरीवर कसा जाऊन बसतो, हे त्याच्या आयुष्यात स्वच्छ दिसते. जन्मभूमी सोडून तीस वर्षे तो मुंबईत राहिला, नंतर अमेरिकेत गेला, आणि जाईल तिथे आपल्या लहानपणाच्या गोष्टी सांगत राहिला.

डर्बनच्या बाहेर फिनिक्स नावाची वस्ती आहे. गांधींनी ती १९०४ साली वसवली. चहूकडे उसाचे मळे, मधे काही घरे आणि एक छापखाना. त्या छापखान्यातून 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक निघत असे. मणिलाल ते कित्येक वर्षे, १९५६ साली मृत्यू येईपर्यंत, चालवत होते. शेजार झुलू लोकांचा. जवळच ओहलांगे येथे जॉन डुबे या आफ्रिकन पुढाऱ्याने आपल्या लोकांच्या मुलांसाठी काढलेली शाळा होती. पुढे १९९४ साली नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातले पहिले मत याच शाळेत टाकले. अशा ठिकाणी अरुण वाढला. खेळायला झुलू पोरे, बोलायला घरात गुजराती, बाहेर इंग्रजी.

तिथे माणसाची किंमत कातडीवरून ठरे. सर्वांत वर गोरा. त्याच्या खाली मिश्र रक्ताचे आणि हिंदी लोक. सर्वांत खाली ज्याची ती भूमी तो काळा आफ्रिकन. शाळा, रेल्वेचा डबा, बाकडे, समुद्राचा किनारा, सगळे वाटून दिलेले. १९४८ साली नॅशनल पार्टीचे राज्य आल्यावर याला 'अपार्थाइड' असे नाव मिळाले आणि एकामागून एक कायदे झाले. पण अरुणचे लहानपण त्याच्या आधीचे. कायद्याचे पुस्तक छापण्यापूर्वीच रीत पक्की झालेली होती. आपल्याकडच्या गावकुसाला तरी कोणी कायदा करून दिला होता?

अरुण दहा वर्षांचा असताना काही गोऱ्या पोरांनी त्याला रस्त्यात गाठले आणि मारले. कारण काय, तर तो त्यांच्या दृष्टीने फार काळा होता. काही महिन्यांनी काळ्या पोरांनी गाठले आणि मारले. कारण काय, तर तो त्यांच्या दृष्टीने फार गोरा होता. ही गोष्ट अरुण गांधींनी पुढे शेकडो सभांतून सांगितली. मारापेक्षा अपमान जास्त लागला, असे ते म्हणत. पोराने मनाशी गाठ बांधली की अंग कमवायचे आणि सगळ्यांचे उट्टे काढायचे. तो वजने उचलू लागला.

बाबासाहेबांच्या आठवणीतला मसूर स्टेशनापासूनचा तो बैलगाडीचा प्रवास आपल्या घराघरांत माहीत आहे. वडिलांना भेटायला निघालेली, नवे कपडे घातलेली मुले, आणि रात्रभर कोणी न दिलेले पाणी. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणीत बाबासाहेबांनी आपले तेव्हाचे वय नऊ सांगितले आहे. एक पोर नऊ वर्षांचे, दुसरे दहा. माणूस या वयात अपमानाचा अर्थ शिकतो आणि मग तो विसरत नाही.

दोघांत फरकही आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांना खालच्या पायरीवरून कोणी मारायला येण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या पायरीखाली पायरी नव्हती. अरुणला दोन्ही बाजूंनी मार बसला तो मधल्या पायरीवर उभा होता म्हणून. मधला माणूस वरच्याचा मार खातो आणि खालच्याला आपल्या बरोबरीचा मानत नाही. डर्बनच्या हिंदी व्यापाऱ्याचे तसेच चालले होते. खुद्द गांधींनी तरुणपणी तिथल्या आफ्रिकनांविषयी जे हिणकस लिहिले, ते आज जगाला ठाऊक आहे. त्याच कारणाने घाना देशातील विद्यापीठातला त्यांचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये काढण्यात आला. जानेवारी १९४९ मध्ये डर्बनमध्ये आफ्रिकन आणि हिंदी यांच्यात दंगल उसळली, तिच्यात १४२ माणसे मेली. वर बसलेल्या गोऱ्याच्या पायरीला त्यात धक्का लागला नाही. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय ते बाबासाहेबांनी आपल्याला समजावले आहे. डर्बनच्या रस्त्यावरही तीच होती, फक्त तिचा रंग कातडीचा होता.

पोराच्या डोक्यातला राग पाहून आईवडिलांनी त्याला हिंदुस्थानात आजोबांकडे आणले. बारा वर्षांचा अरुण वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आला आणि सुमारे दीड वर्ष आजोबांच्या सहवासात राहिला. सोबत आलेली धाकटी बहीण इला सहा वर्षांची होती. आश्रमात रोज सकाळ-संध्याकाळ उकडलेला बिनमिठाचा भोपळा. काही दिवस इलाने सोसले, मग एके दिवशी सरळ आजोबांपुढे जाऊन सांगितले की या गावाचे नाव बदलून 'कोळाग्राम' ठेवा. गुजरातीत भोपळ्याला कोळुं म्हणतात. चौकशी झाली तेव्हा कळले की आश्रमाच्या शेतात भोपळाच अमाप लावलेला आहे. मोठी माणसे इतके दिवस मुकाट्याने खात होती, बोलली ती सहा वर्षांची पोर. हीच इला पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढली, घरातच कैदेत राहिली आणि १९९४ नंतर तिथल्या संसदेत खासदार झाली. पोरगी ताटावर बोलली म्हणून तिच्या पाठीत धपाटा घालणाऱ्या आयांनी हे जरूर वाचावे.

पेन्सिलीची गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. शाळेतून येताना अरुणने बोटभर उरलेली पेन्सिल रस्त्याकडेला फेकून दिली आणि आजोबांकडे नवी मागितली. आजोबांनी नवी न देता हातात बॅटरी दिली आणि जुनी शोधून आणायला पाठवले. पोर अंधारात दोन तास शोधत होते. सापडल्यावर त्याला सांगितले की वस्तू वाया घालवणे हीसुद्धा हिंसाच, कारण आपण जास्त ओरबाडतो तेव्हा दुसऱ्याच्या वाट्याचे जाते.

गोष्ट चांगली आहे. पण ताडीवाला रोडच्या किंवा दापोडीच्या वस्तीतल्या पोराला ती सांगायला जाल तर ते हसेल. आपल्या घरात पेन्सिल झिजली की जुन्या पेनाच्या टोपणात खोचतात आणि पार शेवटच्या शिशापर्यंत लिहितात. त्यासाठी बॅटरी घेऊन कोणी पाठवावे लागत नाही. काटकसर हे ज्याच्यासाठी व्रत आहे तो वेगळा आणि ज्याच्यासाठी दुसरा इलाजच नाही तो वेगळा. आता मात्र आपल्यातही ज्यांची घरे नोकरीमुळे सुधारली, तिथे पोरांच्या दप्तरात चार-चार पेन्सिली असतात आणि दोन हरवल्याचे कोणाला कळतही नाही. त्या घरांनी ही गोष्ट ऐकायला हरकत नाही.

अरुणला सर्वांत उपयोगी पडले ते रागाविषयी आजोबांनी सांगितलेले. राग विजेसारखा आहे. नीट तारेतून नेला तर घरात उजेड पडतो, उघडा सोडला तर जीव जातो. राग आला की वहीत लिही, पण लिहिताना त्यावर उपाय काय तेही शोध, असे त्याला सांगितले. याच नावाचे, 'द गिफ्ट ऑफ अँगर', म्हणजे रागाची देणगी, असे पुस्तक अरुण गांधींनी २०१७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. यात आपल्याला नवे वाटण्यासारखे काही नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर हजारो माणसे रागातच गेली होती, आणि रांगेने जाऊन पाणी प्यायली.

१९४७ साली अरुण परत डर्बनला गेला. काही महिन्यांतच, ३० जानेवारी १९४८ रोजी, आजोबांच्या खुनाची बातमी तिथे पोचली. मारेकरी आपल्या पुण्याचा, त्याचे वर्तमानपत्र इथूनच निघत होते. तेरा वर्षांच्या पोराला पहिल्यांदा काय वाटले? तो माणूस हाती लागला तर त्याचा गळा दाबीन. दीड वर्षाची शिकवण एका बातमीने बाजूला पडली. हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे, म्हणून त्यांच्या बाकीच्या आठवणींवर विश्वास ठेवावासा वाटतो.

वडिलांची एक आठवणही ते सांगत. अरुण सोळा-सतरा वर्षांचा. वडिलांना शहरात एका परिषदेला सोडून, मोटार दुरुस्तीला टाकून, पाच वाजता त्यांना परत घ्यायचे होते. पोरगा मधल्या वेळात सिनेमाला बसला आणि उशीर झाला. मोटार तयार नव्हती, अशी थाप मारली. वडिलांनी गॅरेजवाल्याला आधीच फोन केलेला होता. ते रागावले नाहीत, मारले नाही. मुलाला खरे सांगायचे धैर्य आपण देऊ शकलो नाही, आपलेच कुठेतरी चुकले, असे म्हणून ते अठरा मैल पायी घरी निघाले. अंधारी मातीची वाट. अरुण पाच-साडेपाच तास मोटार हळूहळू त्यांच्यामागे चालवत होता. त्यानंतर खोटे बोललो नाही, असे ते म्हणत.

कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेल्या बापाने अठरा मैल चालावे असे आम्ही सुचवणार नाही. तो आधीच सायकल हाणत आलेला असतो. पण पोराने थाप मारली की हातात पट्टा घेण्याआधी, हा मला खरे सांगायला का भ्याला, एवढा प्रश्न बाप स्वतःला विचारू शकतो. त्याला मैल लागत नाहीत.

१९५६-५७ च्या सुमारास अरुण पुन्हा भारतात आला. आजारपणात मुंबईच्या रुग्णालयात सुनंदा आंबेगावकर या मराठी परिचारिकेची ओळख झाली, प्रेम जमले, १९५७ साली लग्न झाले. आता बायकोला घेऊन घरी जायचे. तर दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने सांगितले, तू ये, बायको आणता येणार नाही. भारतातून लग्न करून आणलेल्या पत्नीला त्या देशात येऊ न देण्याचा तिथला नियम होता. हिंदी लोकांची संख्या वाढू द्यायची नाही हा त्यातला कावा. आई आणि बहिणी तिकडे, बायको इकडे. अरुणने बायकोची बाजू घेतली आणि जन्मभूमी सोडली. पुढची तीस वर्षे त्यांनी मुंबईत टाइम्स ऑफ इंडियामध्ये पत्रकारी केली. १९८५ सालच्या दंगलीत फिनिक्सची वस्ती जळाली, तेव्हा ते मुंबईत होते. बालपणीच्या त्या जागेवरच्या वास्तू २००० साली पुन्हा उभ्या राहिल्या.

आता पायरीचा मुद्दा. डर्बनमध्ये ज्याला काळा म्हणून रस्त्यात मारले, तोच माणूस मुंबईच्या धक्क्यावर उतरला की बनिया जातीचा, मोठ्या घराण्याचा, आदराने खुर्ची मिळणारा झाला. कातडी तीच, रक्त तेच, नाव तेच. बाबासाहेबांचे नेमके उलट झाले. १९१३ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडन इथे राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला उतरले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो जायचे कुठे हा. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी हाकलले. कोलंबिया विद्यापीठाची विद्या ट्रंकेत तशीच होती. एकाला जहाजाने वर चढवले, दुसऱ्याला आगगाडीने खाली उतरवले. मग हलकेपणा माणसात असतो असे म्हणणाऱ्यांनी तो कोणत्या बंदरावर चढतो आणि कोणत्या स्टेशनावर उतरतो ते सांगावे.

अरुण गांधींना हा प्रश्न पडला होता, असे त्यांच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते. मुंबईत असताना त्यांनी आणि सुनंदाबाईंनी रस्त्यावर टाकून दिलेली सव्वाशेच्या आसपास मुले चांगल्या घरांत दत्तक दिली. दुष्काळी खेड्यांतून मुंबईत आलेल्या गरिबांना रोज एक नाणे बाजूला टाकायला लावून, त्या पैशातून जुने यंत्रमाग घेऊन गावात काम सुरू केल्याचेही ते सांगत. १९८७ साली नवरा-बायको अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात गेले ते एका अभ्यासासाठी: भारतातला, दक्षिण आफ्रिकेतला आणि अमेरिकेतला भेदभाव यांची तुलना. तिन्ही ठिकाणी मार खाल्लेल्यांनी ती तुलना केव्हाच केलेली आहे, पण वरच्या पायरीवरून कोणी विचारायला निघाला हेही थोडे नाही. १९९१ मध्ये त्यांनी मेम्फिस शहरात अहिंसेच्या शिक्षणाची संस्था काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांना १९६८ साली गोळी घातली ते हेच शहर.

एक गोष्ट त्यांनी मुंबईच्या बंदरातली सांगितली आहे. नातेवाइकाला घ्यायला गेले असता जहाजावरून एक गोरा उतरला, दक्षिण आफ्रिकेच्या संसदेचा सभासद, वर्णभेदाच्या बाजूचा. पहिल्यांदा वाटले, घ्यावे तोंडसुख. मग हस्तांदोलन केले, आपण तुमच्या कायद्यामुळे इथे अडकलो हे सांगितले, आणि त्याला व त्याच्या बायकोला काही दिवस मुंबई दाखवली, वाद घातला, जेवू घातले. निरोप घेताना त्या जोडप्याच्या डोळ्यांत पाणी होते. परत जाऊन तो वर्णभेदाविरुद्ध बोलू लागला आणि पुढची निवडणूक हरला. सगळेच गोरे असे पाझरले असते तर मंडेलांना २७ वर्षे तुरुंगात काढावी लागली नसती, हेही खरे.

आणि दुसऱ्याचे पूर्वग्रह शोधणाऱ्याच्या मनातही काही उरतेच. जानेवारी २००८ मध्ये ज्यू समाजाविषयी त्यांनी सरसकट लिहिले, त्यावर गदारोळ झाला, त्यांनी माफी मागितली आणि आपणच काढलेल्या संस्थेचा राजीनामा दिला.

हे सगळे आज पुण्यात का लिहायचे? पुण्यात आफ्रिकेतल्या निरनिराळ्या देशांतली मुले-मुली शिकायला येतात. बसस्टॉपवर, रेशनच्या दुकानासमोर, वस्तीच्या तोंडाशी आपल्याला दिसतात. त्यांच्याकडे बघून दात काढणारी, केसांना हात लावू पाहणारी, मागून आवाज देणारी पोरे फक्त पेठेतली नसतात. आपलीही असतात. खोली भाड्याने मागायला गेल्यावर आपल्याला आडनाव विचारले जाते आणि मग खोली 'कालच दिली' असते. त्या पोरांना आडनाव विचारायची गरज पडत नाही, दार उघडताच उत्तर ठरलेले असते. १९९० साली भारतरत्न मिळाले त्यांत बाबासाहेब होते आणि नेल्सन मंडेलाही होते. आपल्या कित्येक घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून पोरे अभ्यास करतात. मंडेला कोण, हे त्यातल्या किती जणांना सांगितले आहे?

अरुण गांधींचे शेवटचे दिवस कोल्हापुरात गेले. तिथल्या 'अवनि' या संस्थेशी त्यांचे जुने नाते होते. अनुराधा भोसले यांची ही संस्था वीटभट्टीवर राबणाऱ्या मजुरांच्या मुलांना शाळेत आणण्याचे काम करते. वीटभट्टीवर कोणाची कुटुंबे असतात ते आपल्याला सांगायला नको. कित्येक वर्षे ते अमेरिकेतून त्या मुलांच्या शाळेसाठी पैसे जमवत होते. २ मे २०२३ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे कोल्हापुरातच निधन झाले आणि तिथेच जवळ अंत्यसंस्कार झाले.